असीरगडाच्या वाटेवर हातभर लांबीचा ट्रक

बऱ्हाणपुरात राहणाऱ्यांच्या घरी पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी मावा जिलेबी, दुसऱ्या दिवशी शाही किल्ला आणि कुंडी भंडारा, तिसऱ्या दिवशी असीरगड. असीरगड आमच्या गावापासून उत्तरेला साधारण २० किलोमीटर, खंडवा-इंदूर रस्त्यावर. आता गाडीरस्ता वरपर्यंत जातो, त्यामुळे गाडी लावायची, आत एक चक्कर मारायची, फोटो काढायचे आणि जेवायच्या वेळेला घरी. मुलांना विचारलं, "काय पाहिलंत?" तर उत्तर येतं, "किल्ला."

मागच्या दिवाळीत पुण्याहून भाऊ सहकुटुंब आला, तेव्हा भाच्याच्या बॅगेतून एक ट्रक निघाला. भाचा तेरा वर्षांचा, भाची दहाची. ट्रक हातभर लांब, वजनाला तीनेक किलो, रिमोटवर चालणारा. "आत्या, हा डोंगर चढतो," असं त्याने जाहीर केलं. आमचे बाबा, म्हणजे मुलांचे आजोबा, शेजारी बसले होते. ते म्हणाले, "मग चढव की असीरगड!" एवढ्यावरून बेत ठरला. गाडीरस्ता सोडून गावातून वर जाणाऱ्या पायवाटेने जायचं, ट्रकसकट.

आधी या ट्रकाविषयी थोडं सांगते, कारण मलाही तो जत्रेत मिळणाऱ्या रिमोटच्या गाडीचा मोठा भाऊ वाटला होता. जत्रेतली गाडी पळण्यासाठी असते, हा ट्रक चढण्यासाठी. याला क्रॉलर म्हणतात. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा, चारही चाकांना जोर मिळणारा, आणि गिअर इतका हलका की सर्वांत सावकाश चालवला तर मुंगळ्याची आठवण यावी. खऱ्या मोटारीत एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्याच चाकाकडे जातो आणि ते नुसतं गरगरतं. क्रॉलरमध्ये डाव्या-उजव्या चाकांची जोडी एकमेकांना बांधलेली असते, त्यामुळे एक चाक अधांतरी असलं तरी दुसरं दगड धरून राहतं. टायर मऊ रबराचे आणि आत फोम भरलेला, म्हणजे दगडाच्या आकाराप्रमाणे ते दबतात. वजन शक्य तितकं खाली ठेवलेलं, नाहीतर चढावर गाडी मागे उलटते.

हा छंद तसा जुना आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ साली टोयोटाच्या पिकअपचं असं मॉडेल काढलं होतं, तीन गिअरचं आणि खऱ्या ट्रकसारख्या पाट्यांच्या स्प्रिंगांचं. २०१७ साली अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीने टीआरएक्स-४ आणला. त्यात चाकांची जोडी रिमोटवरूनच बांधता आणि सोडता येते. परदेशात लोक असे ट्रक घेऊन डोंगरातल्या पायवाटांवर दिवस दिवस चालतात. ट्रक पुढे, माणूस मागे. आपल्याकडे हे अजून नवलाईचं आहे. हे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही.

सकाळी साडेसातला आम्ही पायथ्याच्या गावात पोचलो. ट्रक खाली ठेवताच चार पोरं आणि दोन आजोबा गोळा झाले. त्यातल्या एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बिना ड्राइवर के जाएगी?" भाच्याने रिमोट दाखवला. "अच्छा, ड्राइवर पैदल है," असं म्हणून आजोबा हसत निघून गेले. दिवसभरात या ट्रकाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कोणी केलं नाही.

ड्रायव्हर पायी असतो, हीच या खेळातली खरी गंमत. ट्रक चढताना त्याच्यामागे चालावं लागतं, वाकून बघावं लागतं, थांबावं लागतं. दहा सेंटिमीटरचा दगड आपल्याला दिसतही नाही. ट्रकाच्या मापात तो एक मीटर उंच खडक असतो. वीतभर उंचीची पायरी म्हणजे त्याच्यासाठी दोन मीटरची भिंत. चाकाच्या उंचीएवढा दगड चांगला क्रॉलर चढून जातो, त्याहून उंच असेल तर कडेने वाट शोधावी लागते. मग डावं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं, उजवं कुठल्या खाचेतून काढायचं, मुरुमावर घसरण कुठे आहे, सागाच्या वाळक्या पानांखाली खड्डा आहे का, हे सगळं आधी पाहून ठेवावं लागतं. पहिल्या दहा मिनिटांत ट्रक तीनदा उलटला. मग भाची पुढे झाली आणि अस्सल ट्रकाच्या क्लीनरसारखी ओरडायला लागली, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या... बस!" त्यानंतर उलटणं जवळजवळ थांबलं.

या सगळ्यात आमच्या चालण्याचा वेग किती होता? बाबांइतका. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, हातात काठी असते. एरवी गडावर जाताना मुलं पुढे पळतात, मधली पिढी मध्ये दम खाते आणि बाबा गाडीत बसून राहतात. त्या दिवशी ट्रक एका दगडावर पाच-पाच मिनिटं अडायचा आणि तेवढ्यात बाबा येऊन पोचायचे. पोचले की टेकायचे, आणि टेकले की बोलायचे.

एका वळणावर ट्रक काही केल्या चढेना. भाचा वैतागून म्हणाला, "ही वाट नीट का नाही बांधली?" बाबा म्हणाले, "नीटच बांधलीय. चाक चढू नये म्हणूनच बांधलीय." आणि मग त्यांनी काठीने वर दाखवलं. गडाची वाट सरळ कधीच नसते. ती वळते, अरुंद होते, आणि जिथे येणाऱ्याचा वेग मोडतो तिथेच वरून मारा करायला जागा असते. त्यावर डोंगराचा माथाच कड्यांचा, कुठे ८० तर कुठे १२० फुटांचा सरळ तुटलेला. वर साठेक एकर जागा, पाण्याची टाकी, आणि खाली कमरगड व मलयगड असे आणखी दोन टप्पे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट या डोंगराच्या नजरेखालून जाते, म्हणून याला दख्खनचा दरवाजा म्हणत.

अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन राहिला, फारुकी सुलतान बहादूरखानाच्या या गडाला महिनोन्‌महिने वेढा पडला, तेव्हा कुठे जानेवारी १६०१ मध्ये गड हाती आला. तोफा, हत्ती, खजिना, कशाचीच बादशहाला कमतरता नव्हती. तरी वेळ लागला. फितुरीने पडला की वाटाघाटीने, यावर इतिहासकार आजही भांडतात. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांना दिले. मग गड शिंद्यांकडे गेला. १८१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड इथे होते. इंग्रजांच्या जड तोफा बैलांनी आणि हत्तींनी ओढत आणल्या होत्या.

हे सगळं मी शाळेत वाचलं होतं आणि विसरले होते. मुलांनी मात्र ते ऐकताना लगेच पुढचा प्रश्न विचारला. "मग या वळणावर तोफ कशी वळवली असेल?" जो मुलगा वीस मिनिटं तीन किलोचा ट्रक एका वळणावर वळवत होता, त्यालाच हा प्रश्न पडणार. मग दोघं भावंडं काडीने मातीत आकृती काढत बसली. पुढून किती बैल जुंपायचे, मागून कोणी दोर धरायचा, चाकाखाली उटी कोणी लावायची. आजोबा अर्थातच मुख्य अभियंता.

अर्ध्या वाटेपर्यंत बाबा आमच्याबरोबर चालले. तिथून भाऊ त्यांना सावकाश खाली घेऊन गेला आणि गाडीरस्त्याने वर आणलं. अर्धी का होईना, पण पायवाट त्यांनी कित्येक वर्षांनी चालली होती.

खरा वाद पेटला तो वरच्या दरवाजाशी. भाच्याला ट्रक आत न्यायचा होता. जामा मशिदीच्या अंगणात, पडक्या वाड्यांच्या दगडांतून, टाक्याच्या पायऱ्यांवरून. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. "आत्या, तीन किलोची गाडी आहे, टायर रबराचे आहेत. माझ्या बुटांनीच जास्त झीज होते." बरोबर आहे. पण असीरगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि अशा स्मारकांसाठी १९५९ चे जे नियम आहेत त्यांत वाहन फक्त वाहनतळापर्यंत आणता येतं. "हे काय व्हेईकल आहे?" असा पुढचा प्रश्न आलाच. हातभर लांबीचा ट्रक वाहन की खेळणं, यावर वकील तासभर बोलू शकतील. मी त्याला दुसरं सांगितलं. आत गुप्तेश्वर महादेवाचं देऊळ आहे, तिथे लोक पूजेला येतात. फारुकी काळातली मशीद आहे, तिच्यात अरबी आणि संस्कृत दोन्ही लेख कोरलेले आहेत. इंग्रजांची थडगी आहेत. अशा जागी मोटारीचा घुंईऽऽ आवाज करत काही फिरायला लागलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. आज आपला एक ट्रक आत गेला, तर उद्या त्याचा व्हिडिओ बघून दहा येतील, आणि त्यातला एक तरी चुन्याच्या कोपऱ्यावर चढणार.

तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. बाबा तोवर दरवाजाशी येऊन पोचले होते. ते एवढंच म्हणाले, "अरे, इथे भल्याभल्यांना हत्तीवरून उतरावं लागलं असेल." भाच्याने बॅटरी काढली आणि ट्रक पाठीवरच्या पिशवीत टाकला.

आत गेल्यावर मात्र मुलं एरवीसारखी पळाली नाहीत. खाली बघायची सवय डोळ्यांना लागलेली होती. दगडी उंबरठा एका बाजूला झिजलेला भाचीला दिसला. पाणी कुठून वाहून टाक्यात येत असेल, तो उतार भाच्याने शोधला. पहाटे अश्वत्थामा येऊन महादेवाला फूल वाहून जातो, ही इथली आख्यायिका बाबांनी देवळात सांगितली. तेव्हा भाचीने आधी पिंडीकडे आणि मग बाहेर जमिनीकडे नीट पाहिलं. पावलं शोधत असावी.

तुमच्यापैकी कोणाला असा बेत करायचा असेल, तर थोडं कामाचं सांगते. दिवाळी ते जानेवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला लाडवासारखी लपेटते आणि उन्हाळ्यात गडावर उभं राहवत नाही. वाळलेलं गवत आणि कुसळं चाकांच्या दांड्याला गुंडाळली जातात, म्हणून छोटी कात्री जवळ ठेवा. ट्रकाची लायपो बॅटरी फुगली किंवा दबली असेल तर ती वापरूच नका. ती पेटू शकते, आणि आजूबाजूला वाळकं गवत असतं. बंद गाडीत उन्हातही ती ठेवू नये. विमानाने येत असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घ्या, सामानात देऊ नका. ७.४ व्होल्ट, ५००० मिलिअँपिअर अवरची नेहमीची बॅटरी ३७ वॅट-अवरची होते, म्हणजे १०० च्या मर्यादेत सहज बसते.

वाटेवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. डोक्यावर मोळी घेऊन कोणी येत असेल किंवा गुरं उतरत असतील, तर ट्रक उचलून बाजूला व्हायचं. माकडांच्या मागे ट्रक लावायचा नाही. चढण्यासाठी दगड रचले असतील तर जाताना ते होते तसे करून ठेवायचे. जंगलाची वाट असेल तर आधी विचारायचं, अभयारण्यात तर न्यायचाच नाही. आणि देवळाच्या पायऱ्या किंवा गडाचा दरवाजा आला की ट्रक पिशवीत. २०२५ च्या जुलैमध्ये शिवछत्रपतींच्या काळाशी जोडलेले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत. सुट्टीत तुम्ही रायगडाला किंवा राजगडाला गेलात, तरी हाच नियम धरा.

ट्रक चांगल्या मोबाइलच्या किमतीला पडतो, त्यामुळे प्रत्येक घरात तो असावा असं मी म्हणणार नाही. ओळखीच्या कोणाकडे असेल तर एक दिवस मागून घ्या. बॅटऱ्या दोन घ्या, पाणी भरपूर घ्या, आणि घरातलं सगळ्यांत सावकाश चालणारं माणूस आवर्जून बरोबर घ्या. त्यांना त्या वाटेवर थांबायला कारण मिळेल, आणि तुम्हाला ऐकायला.