सांगलीचा भारोत्तोलक

राळेगांवच्या माणसास वजनाची कल्पना द्यावयाची असेल, तर त्यास रुईची गाठ दाखवावी. यवतमाळ जिल्ह्यांतील हा आमचा तालुका कापसाचा. सरकी काढून दाबून बांधलेली एक गाठ १७० किलो भरते. ती हलविणें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. हेंच माप मनांत धरून आम्ही सांगलीस गेलों.

कृष्णाकांठच्या गणपतीचें दर्शन झालें, हळदीची पेठ पाहिली. परंतु आमचें कुतूहल निराळेंच होतें. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत भारताचें पहिलें पदक मिळविणारा संकेत महादेव सरगर हा याच गांवचा. वडिलांची पानाची टपरी व चहाचा गाडा. त्या कामांत हातभार लावून हा मुलगा नाना सिंहासने यांच्या देखरेखीखालीं वजनें उचलूं लागला.

सामना झाला ३० जुलै रोजीं, ५५ किलोंच्या गटांत. वजन जमिनीवरून एकदम डोक्यावर न्यावयाचें, त्यास स्नॅच म्हणतात. त्यांत संकेतनें ११३ किलो नेले. मलेशियाचा अनिक कसदान १०७ वरच थांबला. दुसऱ्या प्रकारांत वजन आधीं खांद्यांवर घेऊन मग वर झोंकतात. तेथेंहि पहिल्याच खेपेस १३५ किलो साधले. सुवर्णपदक जवळजवळ हातीं आलें. परंतु १३९ किलो उचलतांना उजव्या कोपरास जबर दुखापत झाली. तशाच हातानें तो तिसऱ्या खेपेसहि वजनाखालीं गेला. तें मात्र साधलें नाहीं. अखेर कसदाननें १४२ किलो उचलले. बेरीज २४९ विरुद्ध २४८! कापसाच्या काट्यावर मापारी ज्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं, तेवढ्या एका किलोनें सुवर्णाचें रौप्य झालें.

तुर्कस्तानांत नईम सुलेमानोग्लू याचें नांव घराघरांत पोंचलें. १९८८ सालीं सेऊल येथें ६० किलोंच्या गटांत त्यानें १९० किलो, म्हणजे आपल्या वजनाच्या तिपटीहून अधिक, डोक्यावर नेले होते. आपल्याकडे या खेळास तसा लोकाश्रय नाहीं. सांगलीकडचा मुलूख तर कुस्तीवेडा. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. कुस्तींत प्रतिस्पर्धी समोर दिसतो, डाव दिसतो, प्रेक्षकास ओरडावयास सवड मिळते. येथें वजन दोनचार क्षण वर राहतें आणि खालीं आदळतें. वर्षानुवर्षांची मेहनत पाहण्यास तालमींतच जावें लागतें, व तेथें तिकीट काढून कोण जाणार?

आमच्या घरांतील मुलींस मात्र संकेतपेक्षां त्याच्या धाकट्या बहिणीचेंच नवल अधिक वाटलें. काजलनें त्याच वर्षींच्या जून महिन्यांत पंचकुला येथील खेलो इंडिया स्पर्धेंत ४० किलोंच्या गटांत सुवर्णपदक पटकाविलें होतें. स्वतः ४० किलोंची, आणि दोन्ही प्रकार मिळून उचललेलें वजन ११३ किलो. आमच्या मातोश्रींनीं हा आंकडा दोनदां विचारून घेतला.