दुसऱ्याच्या लेकीचे उदाहरण

‘वास्तव’ हा शब्द आमच्या पिढीने कादंबरीच्या चर्चेत शिकला. वास्तववादी लेखक कोणाला म्हणावे, यावर आमच्या मंडळाच्या दिवाणखान्यात कधी काळी रात्री अकरापर्यंत वाद झडलेले आहेत आणि चहाचे तीन-तीन फेरे झालेले आहेत. पुढे दूरचित्रवाणीने हा शब्द उचलला आणि त्यास भलताच अर्थ दिला. खरी माणसे, खरी घरे, खरे अश्रू. मात्र कॅमेरा कोठे ठेवावयाचा, कोणता अश्रू ठेवावयाचा आणि कोणता कापून टाकावयाचा, हे ठरविणारा तिसराच. अशा ‘रिअ‍ॅलिटी’ कार्यक्रमांपैकी एकाविषयी येथे लिहावयाचे योजिले आहे. विषय काही ज्येष्ठ वाचकांस या पृष्ठांवर अस्थानी वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. तरी त्यांनी थोडा धीर धरावा.

अमेरिकेतील एमटीव्ही या वाहिनीने ११ जून २००९ रोजी ‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’ ही मालिका सुरू केली. प्रत्येक भागात एक नवी मुलगी, किशोरवयीन, बहुधा शाळेत जाणारी व अविवाहित, आणि गरोदर. गरोदरपणाच्या अखेरच्या काही महिन्यांपासून मूल काही महिन्यांचे होईपर्यंत कॅमेरा तिच्या घरात वावरे. मध्ये मध्ये वहीच्या पानावर पेनाने काढावीत तशी हलती रेखाचित्रे येत आणि कथा सांगणारा आवाज त्या मुलीचाच असे. पहिल्या मालिकेत अशा सहा मुली होत्या. त्यांतील एका जोडप्याने आपले मूल दत्तक देऊन टाकले, उरलेल्यांनी वाढविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात या मुलींपैकी चौघींची पुढील कहाणी सांगणारी ‘टीन मॉम’ ही दुसरी मालिका सुरू झाली आणि तिच्या शाखा इतक्या फुटल्या, की २०२२ मध्येही नव्या नावाने तीच वंशावळ पडद्यावर होती.

आम्ही हा कार्यक्रम पाहिला तो २०१० च्या हिवाळ्यात, न्यू जर्सीत लेकीकडे मुक्काम असताना. बाहेर बर्फ, त्यामुळे घराबाहेर पडणे बंद. नात तेव्हा चौदा वर्षांची होती. ती शाळेतून आली की दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी तिच्या ताब्यात जाई. पडद्यावर एक मुलगी आपल्या आईला काही सांगत होती, आई रडत होती. विषय ध्यानी येताच आम्ही वर्तमानपत्राची घडी करून उठू लागलो. आमच्या पिढीचा तो रिवाजच. तोच नात म्हणाली, “आबा, उठता कशाला? आमच्या शाळेत सगळ्या जणी बघतात. तुम्ही पण बघा ना.” सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्याही तेथेच थांबल्या. पुढील पाऊण तास तीन पिढ्या एका सोफ्याच्या आसपास गप्प बसून होत्या.

आम्हांस काय दिसले? बीभत्स असे काहीच नव्हते. रात्री तीन वाजता रडणारे मूल, कोपऱ्यात पडलेली शाळेची वह्या-पुस्तके, मुलाचा बाप म्हणविणारा सतरा वर्षांचा पोरगा मित्रांबरोबर गाडी घेऊन बाहेर गेलेला, आणि आजी झालेली चाळिशीतील बाई लेकीवर चिडलेली आणि नातवाला थोपटीत असलेली. अखेरीस ती मुलगी कॅमेऱ्याकडे पाहून, आपण काय गमावले, ते सांगे. नात मध्येच म्हणाली, “पण आबा, आता ती फेमस झाली ना.” तिने हे निरागसपणेच म्हटले. अमेरिकेतील विद्वान पुढे सहा-सात वर्षे ज्या प्रश्नावर भांडले, तो प्रश्न एवढाच होता.

त्या वादाची हकीकत सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०१४ मध्ये मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या भागात एमटीव्ही किती पाहिले जाते, याचे आकडे त्यांनी घेतले आणि त्याच भागांतील किशोरवयीन मातांच्या बाळंतपणांशी ताडून पाहिले. मालिकेचा भाग प्रक्षेपित झाला, की गूगलवर संततिनियमनाविषयी शोध वाढे आणि ट्विटरवरही त्याच गोष्टी निघत, हेही त्यांनी दाखविले. त्यांचा निष्कर्ष असा, की मालिका सुरू झाल्यानंतरच्या अठरा महिन्यांत अशा बाळंतपणांत तिच्यामुळे ५.७ टक्के घट झाली. पुढे २०१५ मध्ये त्यांचा लेख नियतकालिकात छापून आला, तेव्हा हा आकडा ४.३ टक्क्यांवर आला होता. एका करमणुकीच्या मालिकेस हे श्रेय थोडेथोडके नव्हे. वाहिनीने पहिल्यापासून किशोरवयीन गरोदरपण टाळण्यासाठी झटणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेशी हातमिळवणी केलेली होती. तिलाही आपल्या श्रमांचे सार्थक झाल्यासारखे वाटले असेल.

परंतु येगर, जॉइस आणि केस्टनर या तिघांनी तेच आकडे पुन्हा तपासले. ज्या भागांत एमटीव्ही अधिक पाहिले जाई आणि जेथे कमी पाहिले जाई, तेथील जन्मदराच्या चाली मालिकेच्या आधीपासूनच वेगळ्या होत्या, मग सारी घट मालिकेच्या खात्यावर कशी मांडावी, असा त्यांचा आक्षेप. तो आम्हांस बिनतोड वाटतो. १९९१ मध्ये अमेरिकेत पंधरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलींमागे ६१.८ बाळंतपणे होत; २००९ पर्यंत, म्हणजे मालिकेचा पहिला भाग दिसला त्या वर्षी, हे प्रमाण ३८ च्या घरात उतरले होतेच; आणि २०२२ मध्ये ते १३.६ झाले, तोवर त्या मालिकेचे नवलही ओसरले होते. पाणी पूर्वीच उतरणीला लागले होते. मालिकेने त्यास किंचित वाट करून दिली असेल, नसेल.

तिसरा अभ्यास याहून निराळा. मार्टिन्स आणि जेन्सन या संशोधिकांनी १८५ शाळकरी मुलामुलींना प्रश्न विचारले. ज्यांना या मालिकांचे वेड अधिक, त्यांची समजूत अशी निघाली की किशोरवयीन आईचे आयुष्य हेवा वाटण्याजोगे असते, तिला पैसा बरा मिळतो आणि मुलाचा बाप तिच्या पाठीशी उभा असतो. म्हणजे नातीचे ते वाक्य. या मुली साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होत्या, मालिकेसाठी त्यांना मोबदला मिळत होता, आणि सामान्य घरातील सोळा वर्षांच्या आईच्या वाट्याला यांतील काहीच येत नाही. पडद्यावर दिसणारी गोष्ट आणि पडद्यावर दिसल्यामुळे घडलेली गोष्ट, या दोहोंची गल्लत चौदा वर्षांच्या मुलांनी केली तर त्यांना दोष कसा द्यावा?

धडा एक द्यावा आणि प्रेक्षकांनी दुसराच घ्यावा, हे आपल्याकडेही घडून गेलेले आहे. वाचकांस ‘हम लोग’ आठवत असेल. १९८४-८५ मध्ये, एकशे छप्पन्न भाग. मेक्सिकोत मिगेल सबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिका रचण्याची जी रीत बसविली, तिच्यावरून ती बेतलेली होती आणि कुटुंबनियोजन हा मूळ हेतू होता. लोकांना उपदेश रुचेना, म्हणून तो पातळ करावा लागला. अखेरीस अशोककुमार येऊन चार शब्द सांगत, ते सांगून झाले की आमच्या वाड्यातील मंडळी जेवायला उठत. त्यातील सोशिक, सदैव दबलेली भागवंती ही बायकांनी कसे राहू नये, हे दाखविण्यासाठी रंगविली होती. पुढे सिंघल आणि रॉजर्स या अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा कित्येक प्रेक्षकांना तीच आदर्श स्त्री वाटलेली आढळली. आमच्या मातोश्रींचेही मत तेच होते. त्यांना कोणी प्रश्नावली दिली नव्हती, एवढेच.

मात्र पडद्याचा काहीच परिणाम होत नाही, असेही नव्हे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू या राज्यांतील खेडी आणि दिल्ली येथील कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचा लेख २००९ चाच. गावात केबल आल्यावर मुलगाच हवा, नवऱ्याने मारले तर चालते, ही मते सौम्य झाली आणि बाळंतपणेही घटली, असे त्यांनी नोंदविले. तेथे कोणी उपदेश करीत नव्हते. शहरातील बायका नोकरी करतात, दोनच मुले असतात, दाराबाहेर एकट्या पडतात, एवढे मालिकांतून सहज दिसत होते. आमचा ग्रह असा, की माणसे सांगितलेल्यापेक्षा सहज दिसलेल्याने अधिक बदलतात. हा ग्रह सिद्ध करावयास आमच्यापाशी आकडे नाहीत.

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो. पण त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी, जेवणे झाल्यावर, भांडी आवरता आवरता एक गोष्ट काढली, “तुमच्या आजींना पहिले मूल कितव्या वर्षी झाले हो?” आम्ही बोटांवर मोजले. चौदाव्या.

आजीचे लग्न १९१९ मध्ये बडोद्यासच झाले, वयाच्या अकराव्या वर्षी. सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्येच बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. मुलीस बारा आणि मुलास सोळा वर्षे पुरी असावीत, असा त्यात दंडक होता. आजीच्या वडिलांना दंड झाला, तो त्यांनी निमूट भरला, आणि आमच्या घरात ही हकीकत पुढे थट्टेचा विषय म्हणून सांगितली जाई. ब्रिटिश मुलखात शारदा कायदा यावयास १९२९ उजाडले, आणि त्याच्या आधी १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात केवढे रण माजले होते, ते या वाचकांस सांगावयास नको. आजीचे पहिले मूल तीन आठवड्यांत गेले. तिला त्याविषयी विचारलेले आम्ही कधी कोणाला ऐकले नाही, आणि ती आपण होऊन बोलली नाही. पुढे तिला सहा मुले झाली, ती सुखाने नांदली, ऐंशीच्या आत-बाहेर वारली. पण न्यू जर्सीतील ती मुलगी रात्री तीन वाजता मूल मांडीवर घेऊन बसलेली दिसली, तेव्हा दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्याची बाळंतिणीची अंधारी खोली आम्हांस प्रथमच आतून दिसली.

मराठीत ‘पहिलटकरीण’ हा फार गोड शब्द आहे. त्यात कितवे बाळंतपण, ते कळते. बाई कितवे वर्ष चालवीत आहे, ते कळत नाही. डोहाळजेवणात बागेतला झोका बांधताना तिचे वय कोणी विचारीत नसे, कारण कुंकू होते. आणि कुंकू नसेल तर ‘कुमारी माता’ हा शब्द तयारच होता. तेथेही वयाचा प्रश्न नाही. अमेरिकेने बोट ठेवले ते वयावर, आम्ही ठेवले ते लग्नावर. या दोहोंतील अंतरात आमच्या देशातील किती मुली हरवल्या, याचा थोडा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून येतो. २००५-०६ मध्ये पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी १६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, २०१९-२१ मध्ये सुमारे ७ टक्के. यांतील बहुतेक जणी रीतसर लग्न झालेल्या. म्हणून कोणत्याही वाहिनीला त्यांत नाट्य दिसणार नाही.

दुसऱ्या प्रकारची मुलगीही आम्ही पाहिली आहे. आमच्याच इयत्तेतील, अकरावी मॅट्रिकच्या आधीच्या वर्षी. दिवाळीच्या सुटीनंतर ती शाळेत आली नाही. हजेरीपटावरील तिच्या नावावर लाल शाईची रेघ आली आणि मास्तरांनी पुढचे नाव पुकारले. तिला मामाकडे पाठविले, एवढेच कानावर आले. ती हुशार होती. संस्कृतात तिचे गुण आमच्याहून नेहमी दहाने अधिक असत. कोठे गेली, जगली का, मूल काय झाले, हे आज साठाहून अधिक वर्षांनी सांगू शकेल असा एकही माणूस आमच्या माहितीत उरला नाही.

त्या रेघेच्या जोडीला कॅमेरा ठेवून पाहिला म्हणजे आमच्या मनाची फार ओढाताण होते. अमेरिकेतील त्या मुलींना निदान बोलावयास मिळाले, आपल्या आवाजात, आपल्या शब्दांत. आमच्या वर्गातल्या मुलीला ते मिळाले असते तर? पण मिळाले ते कशाच्या मोबदल्यात, हेही पाहिले पाहिजे. इतर मुलींनी शहाणे व्हावे म्हणून एका मुलीच्या आयुष्यातील अत्यंत अवघड वर्ष देशभर दाखवावयाचे, आणि मालिका चालली म्हणून पुढची वर्षेही. त्या मुलींपैकी एकीवर पुढे तुरुंगात जाण्याची पाळी आली. घरांतील भांडणे, घटस्फोट, मुलांच्या ताब्याचे खटले, सारे प्रक्षेपित झाले. इतरांची बाळंतपणे ४.३ टक्क्यांनी घटली की नाही, यावर विद्वानांनी लेखावर लेख लिहिले. जिचे उदाहरण केले तिचे काय झाले, याची चौकशी बहुतांशी करमणुकीच्या साप्ताहिकांवर सोपविली गेली. गर्भपाताचा निर्णय घेणाऱ्या मुलींविषयीही त्या वाहिनीने २८ डिसेंबर २०१० रोजी एक स्वतंत्र भाग दाखविला होता. तो मात्र रात्री उशिरा, साडेअकराला.

पहिल्या मालिकेत जी मुले जन्मली, ती आता स्वतःच सोळा वर्षांची होऊन गेली आहेत. त्यांच्या आयांनी, त्यांच्या आजी-आजोबांनी करारावर सह्या केल्या होत्या. आपला जन्म, आपल्या बापाचे त्या वेळचे शब्द, आपल्याला ठेवावे की देऊन टाकावे यावर स्वयंपाकघरात झालेली बोलणी, हे सारे त्यांना व त्यांच्या वर्गातील कोणालाही हातातल्या फोनवर केव्हाही पाहता येते. नातीला आम्ही गेल्या वर्षी फोनवर विचारले, तुला ती मालिका आठवते का? ती आता मोठ्या नोकरीत आहे. ती म्हणाली, “मुली आठवतात, आबा. बाळांची नावे नाही आठवत.”