साठचा पिस्टन

साठचा पिस्टन हा शेवटचा. जुन्या बिडाच्या बुलेटचा सिलिंडर झिजला की लेथवर नेऊन बोअर करायचा आणि मोठा पिस्टन टाकायचा. आधी वीसचा, मग चाळीसचा, मग साठचा. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. म्हणजे कोऱ्या गाडीपासून शेवटच्या बोअरपर्यंतचं अंतर सगळं मिळून दीड मिलिमीटर. त्यापुढे आम्ही जात नाही, स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येतो. माझ्या १९९६ च्या स्टँडर्ड ३५० मध्ये साठचा पिस्टन आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून सकाळी पहिल्या किकला सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो.

जालन्यात माझं गॅरेज आहे. ‘मिस्त्री, ठेवू का विकू?’ हा प्रश्न इथे इतका येतो की विचारणाऱ्याच्या आवाजावरून त्याला कोणतं उत्तर हवंय ते कळतं. लांब फिरणाऱ्याला बहुतेक वेळा ‘ठेवा’ हेच ऐकायचं असतं. मिस्त्रीलाही तेच सांगायचं असतं, कारण जुनी गाडी राहिली तर मिस्त्रीचं पोट राहतं. नव्या गाडीची वॉरंटी संपेपर्यंत ती माझ्या दारात येतच नाही. माझा सल्ला ऐकताना हा स्वार्थ धरूनच ऐकावा.

मंठ्याच्या एका सरांची २०१२ ची थंडरबर्ड मागच्या महिन्यात आली. लोणार, माहूर, कोकण सगळं तिच्यावर झालेलं. सरांना आता नवी घ्यायची होती. तक्रार काय, तर गाडी रस्त्यावर सरळ चालत नाही. मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि हँडल एका बोटाने हळू फिरवलं. बरोबर मधोमध आलं की खट्. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच खट्. कोनसेटच्या वाटीत गोळ्यांनी खड्डे पाडले होते. मग मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, तर चिमट्याचे बुशही गेलेले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ते वाचले तर टायर सरांच्या नोकरीइतकाच जुना वाटला. नक्षी शाबूत होती, पण रबर दगड झालं होतं.

‘ठेवा,’ म्हणालो. ‘कोनसेट, बुश, दोन्ही टायर. पुढे डिस्क ब्रेक आहे, इंजिनात आवाज नाही. कामून विकता?’

सर खूश झाले. आणि मी मात्र त्याच दिवसांत स्वतःची गाडी बदलायचं मनात घोळवत होतो.

इंजिनामुळे नव्हे, हे आधी सांगतो. लोक गाडीचं वय इंजिनावरून ठरवतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. हे इंजिन म्हणजे ७० मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक. मद्रासला १९५५ पासून बुलेट जुळायला लागली आणि २००९-१० च्या सुमाराला बिडाचं इंजिन बंद होईपर्यंत त्याचा मूळ ढाचा तोच राहिला. ते इंजिन कितीही वेळा नवं करता येतं. स्लीव्ह, पिस्टन, व्हॉल्व्ह गाईड, कनेक्टिंग रॉडचं किट, सगळं मिळतं. दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरने येतं. त्यातला माल पारखून घ्यावा लागतो एवढंच.

आणि टॅपेट बसवण्याचं सुख नव्या गाडीत नाही, हेही कबूल करतो. इंजिन थंड असताना करायचं काम. उजवीकडचं छोटं झाकण काढायचं, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणायचा, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलला नाही पाहिजे. केसाएवढाही नाही. लॉकनट आवळताना माप हमखास सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचा. पोरांना गेज देऊन हे शिकवता येत नाही. दोघा-तिघांच्या बोटांना ते जमलं, बाकीच्यांनी मोबाइलचं दुकान टाकलं.

तर इंजिन ठीक. मग अडलं कुठे?

पहिलं म्हणजे रस्त्यावरचा मिस्त्री संपला. बुलेट भरवशाची म्हणतात ते अर्धंच खरं आहे. ती बंद पडायचीच. भरवसा होता तो ती कुठेही बंद पडली तरी उघडणारा माणूस सापडायचा याचा. सिंदखेड राजावरून नागपूरकडे जाताना मेहकरच्या अलीकडे माझे इग्निशनचे पॉइंट जळाले होते. लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा पंक्चर काढत बसलेला. त्याने पॉलिश पेपरने पॉइंट घासले, विडीच्या बंडलाचा कागद घडी करून गॅपमध्ये घातला, स्क्रू आवळला, कागद ओढून काढला आणि म्हणाला, ‘मारा किक.’ तो कागद किती जाड होता ते मी नंतर गॅरेजमध्ये गेजने मोजलं नाही. गाडी नागपूरला जाऊन परत आली, मला पुरे.

अलीकडे त्याच रस्त्यावर कंडेन्सर गेला. चकचकीत बोर्डाचं गॅरेज होतं. पोरगा हुशार, अदबशीर. ‘काका, स्कॅनर लावायची जागा कुठंय हिला?’ असं त्याने मनापासून विचारलं. त्याचा काय दोष? एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, इंजेक्शन आलं. त्याच्या जन्मात त्याने पॉइंट पाहिले नव्हते. माझ्या पिशवीत जादा कंडेन्सर होता म्हणून मीच बसवला. पण पिशवी घेऊन आणि स्वतः मिस्त्री असूनच जी गाडी लांब नेता येते, ती फिरायची गाडी उरली का? आज मंठ्यात, देऊळगाव राजात, अंबडला इंजेक्शनची गाडी दुरुस्त करणारा पोरगा सापडतो. बिडाची बुलेट दुरुस्त करणारा मला माझ्या माहितीतल्यांमध्येच शोधावा लागतो, आणि त्यातले निम्मे माझ्याच वयाचे.

दुसरं कारण ब्रेक. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेला, डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डीचा टप्पा सुरू झाला, पण दुचाकीला त्यावर बंदी. त्यामुळे आमची वाट तीच जुनी, आणि जुन्या वाटेवर गर्दी नवी. एमआयडीसीतून सळई भरून निघालेले ट्रक. गळीत हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर, रात्री ट्रॉलीला मागे दिवा नाही, ऊस बाहेर लोंबतोय. शहागडकडे जाताना हे अंधारात अंगावर येतं. माझा हेडलाइट म्हणजे पिवळा उजेड, समोरून गाडी आली की विझल्यासारखाच. आणि पुढे ड्रम ब्रेक, तो केबलवर.

पहिल्या पावसात आमच्याकडे आणखी एक गंमत. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरची चाकं काळी माती डांबरावर आणून टाकतात. तिच्यावर पाणी पडलं की रस्ता साबणासारखा. तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक अडकतं आणि गाडी आडवी. एबीएसमध्ये चाकाजवळचा सेन्सर चाक अडकायला लागलंय हे कळवतो आणि यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात कितीतरी वेळा सोडून पुन्हा धरते. माणसाच्या बोटांना ते शक्य नाही, माझ्या तर नाहीच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि अशा सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. तेव्हा आम्ही मिस्त्री लोक नाकं मुरडत होतो, की आणखी एक वायरिंग वाढलं. ड्रमचे लायनर मी कितीदाही बदलीन, हब लेथवर साफ करीन, केबल नवी टाकीन. तरी थांबायला लागणारं अंतर एका मर्यादेखाली येत नाही. इंजिनाला स्लीव्ह असते, ब्रेकला नाही.

बाकी बारीकसारीक. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या, माझ्या टाकीच्या कॉकमधलं रबर नाही. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीचा तळ बघावा. कागदांचं म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. २०२६ ला पुन्हा पासिंग आहे, हे निमित्तही आहेच.

उलट बाजूही हलकी नाही. माझ्या गाडीचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्यांची ट्रायल घेतो म्हणून दोन्ही जमतं. पण समोर म्हैस आली की पाय जिथे जन्म काढला तिथेच जातो. नव्या गाडीवर अशा वेळी डावा पाय गिअर दाबणार. ही सवय मोडायला लांबचा रस्ता ही जागा नव्हे, म्हणून आधी राजूरच्या गणपतीपर्यंत, मग सिल्लोडमार्गे अजिंठ्यापर्यंत, असं वाढवत न्यायचं ठरवलंय. आणि किक नाही. बॅटरी उतरली की माणूस हताश. सेल्फचं बटण मला आवडतं, पण त्यावर सगळा संसार सोपवणं जड जातं.

गाडी ३५० चीच घेणार. माझा पोरगा हिमालयन ४५० म्हणत होता. चांगली गाडी आहे, पण सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरच्या गाड्यांना ४०. शिवाय आमच्या रस्त्यांवर सत्तरच्या पुढे जाऊन करायचं काय? नव्या ३५० चं इंजिनही लांब स्ट्रोकचंच आहे, ७२ आणि ८५.८. चालवून पाहिली. डोंगर चढताना खालून ओढते, फक्त हँडल थरथरत नाही, त्याची सवय व्हायला वेळ लागेल.

जुनीला पुण्याच्या एका पोराने मागणी घातली होती. पहिला प्रश्न, सायलेन्सर आतून मोकळा करून देता का? नाही म्हणालो. स्लीव्ह टाकून ती शहरातच चालवीन, भाजी मंडई आणि लेथवाल्यापर्यंत.

शोरूममध्ये मी एकच विचारलं, पहिल्या सर्व्हिसिंगला आत उभं राहून बघता येईल का. मॅनेजर हसला आणि काचेवरची पाटी दाखवली. ग्राहकांनी आत येऊ नये, बाहेर सोफा आहे, टीव्ही आहे, चहा मिळतो. मी म्हणालो, काचेला लागून खुर्ची टाकून द्या तेवढी, चहा मी माझा आणतो.