कोकराची उष्टावण

आमच्या घरात दुधाची बाटली पुन्हा आली ती तब्बल तीस वर्षांनी, आणि तीही तुळशीच्या खतापायी.

अंबरनाथला पूर्वेकडे राहणाऱ्यांना ठाऊक असेल, दिवाळी उलटून भाताची कापणी झाली की काकोळ्याच्या बाजूला रिकाम्या खाचरांत धनगरांचे वाडे उतरतात. मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि झोळीतली पोरे असा सारा संसार घाट उतरून येतो. शेतकरी रात्री मेंढरे शेतात बसवून घेतो. त्याला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे. २०२३ च्या दिवाळीनंतर आमची सौ. मला घेऊन तिकडे लेंडीखत आणायला गेली. परत येताना खताची पिशवी माझ्या हातात होती आणि तिच्या पदराखाली तीन दिवसांचे काळे कोकरू.

"आई मेली हिची काल," धनगर म्हणाला होता. "चीक तेवढा पोटात गेलाय. शेळीखाली लावावं तर शेळीला आधीच दोन लावलीत. दुसरी मेंढी वास घेती आन् ढुशी देती." मेंढी आपले पिलू वासाने ओळखते आणि परक्याला जवळ येऊ देत नाही, हे मला त्या दिवशी कळले. माणसांत निदान चहा तरी विचारतात.

मग तो सौ.कडे वळून म्हणाला, "आक्का, शिवरातीची जत्रा झाली की आमचा वाडा उठनार. तवर पाला खाऊन कळपासंगं चालाय लागली, तर न्हेतो. न्हाई चालली तर..." पुढचे त्याने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

नाव ठकी ठेवले. कोण कोणाला ठकवणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिले दोन महिने काय सांगावे! दिवसातून चार-पाच वेळा दूध कोमट करायचे. मेंढीचे दूध गाईच्या दुधाहून पुष्कळ दाट, स्निग्धांश जवळजवळ दुप्पट. तेव्हा पिशवीच्या दुधात पाणी घालायचे नाही, अशी ताकीद पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिली होती. बाटली वर धरली की ठकी पुढचे गुडघे टेकी आणि शेपूट अशी हलवी की बघणाऱ्याचे भान हरपावे. आमच्या मुलांच्या वेळी बाटली धरणे हे माझे काम नव्हे अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, हे मी सौ.ला अद्याप सांगितलेले नाही.

संक्रांत आली. ठकी आता सात आठवड्यांची. परसात एका ताटलीत मक्याचा भरडा, थोडी शेंगदाण्याची पेंड, गव्हाचा कोंडा, शेजारी स्वच्छ पाणी आणि वर टांगलेली शेवरीची फांदी, असा थाट रोज मांडून ठेवलेला. बाईसाहेब ताटलीला नाक लावीत, शिंकत आणि माझ्या धोतराचा सोगा चघळू लागत. पोट मात्र लोंबते, आणि पाय काड्यांसारखे.

डॉक्टरांनी विचारले, "दूध किती वेळा?"

"ठरल्याप्रमाणे तीनदा," सौ. म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. अखेर सत्य बाहेर पडले. पहाटे पाचला ठकी ओरडते, सौ.ची झोपमोड नको, म्हणून एक बाटली मी देत असे. रात्री मालिका संपल्यावर, मी झोपलो असे समजून, एक बाटली सौ. देत असे. तीनाच्या पाच झाल्या होत्या आणि गेले तीन आठवडे आम्ही दोघे परस्परांना फसवीत होतो.

डॉक्टर हसले नाहीत. कागदावर त्यांनी चार कप्प्यांचे पोट काढून दाखवले. कोकरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिला मोठा कप्पा टाळून थेट चौथ्यात उतरते. म्हणजे ज्या कप्प्यात गवत आंबते, ज्याच्यामुळे मेंढी ही मेंढी होते, त्याला दुधाचा काहीच उपयोग नाही. तिथे भरडा आणि पाला जाऊन आंबला म्हणजे मग आतून बारीक बारीक लव फुटते आणि तो कप्पा जागा होतो. त्याला पाणीही वेगळे प्यायला हवे, कारण दुधातले पाणी तिथे पोचत नाही. "भुकेली राहिल्याशिवाय ती तोंड लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तिला पोटभर पाजून उपाशी ठेवताय."

हे वाक्य सौ.च्या फार जिव्हारी लागले. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकेक बाटली कमी. पहिली गेली ती पहाटेची. ती माझी होती. ठकी ओरडू लागली. शेजारच्या इमारतीतून दोन फोन आले. सौ.ने सदाफुलीच्या कुंड्या आत घेतल्या आणि स्वतः परसाच्या दाराकडे पाठ करून बसली. मी वजनकाट्यावर एकदा ठकीला घेऊन आणि एकदा तिच्याशिवाय उभा राहून वजाबाकी करीत होतो. आली तेव्हा अडीच किलो होती. आता सहाच्या आसपास घोटाळत होती. आठवडा गेला तरी काटा हलेना.

सुटका झाली ती वाड्यावरच्या धनगरीणबाईंमुळे. त्या खत देऊन जायला आल्या होत्या. परसातला थाट पाहून तोंडाला पदर लावून हसल्या. "आक्का, एकलं कोकरू खाईल व्हय? खायाचं म्हंजे दुसऱ्याचं बघून. दिवसा धाडा वाड्यावर."

तेव्हापासून मी सकाळी ठकीला वाड्यावर सोडून येऊ लागलो. मोठी मेंढरे चरायला गेली की लहान कोकरे मागे वाघरीच्या कुंपणात ठेवतात. आत बाभळीचा पाला टाकलेला असतो. पहिले दोन दिवस ठकी माझ्याकडे तोंड करून जाळीशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी एका लाल कानाच्या कोकराने तिच्या नाकाखालचा डहाळा ओढला, आणि तिने दुसरे टोक धरले. खाण्यासाठी नव्हे, नुसते भांडण म्हणून. पण पान तुटले आणि तोंडात राहिले. ती जरा गोंधळली. मग चघळले.

मी घरी येऊन सांगितले, तर सौ. म्हणाली, "उष्टावण झाली म्हणायची. मामाने करायची असते." त्या लाल कानाच्या कोकराला त्या दिवसापासून आमच्या घरात मामा म्हणतात.

पुढे फेब्रुवारीच्या मध्याला भरडा रोज पाव किलोपर्यंत गेला. एकदम जास्त धान्य दिले तर पोटात आम्ल होऊन जनावर फुगते, म्हणून तोही मोजून. काटा साडेआठ किलो दाखवू लागला. एका दुपारी ती डोळे मिटून जबडा आडवा फिरवीत बसलेली दिसली. रवंथ! सौ.ने शेजारणीला हाक मारून दाखवले. शेवटची बाटली त्याच रात्री बंद झाली. ठकीने एकदाच हाक मारली. सौ. मात्र बराच वेळ जागी होती.

८ मार्च २०२४ ला महाशिवरात्र. शिलाहारांच्या काळापासून, शके ९८२ पासून, वालधुनीकाठी उभ्या असलेल्या आमच्या शिवमंदिराभोवती जत्रेची गर्दी उसळली. दोन दिवसांनी वाडा उठला. आता मुरबाडच्या अंगाने फिरत फिरत पावसाळ्याआधी माळशेज चढायचा, असा त्यांचा बेत होता.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. घोड्यांच्या पाठीवर भांडी, कोंबड्या आणि अगदी लहान कोकरे. ठकी घोड्यावर नव्हती. कळपात होती, पण काळी कोकरे पंधरा-वीस. "ठके!" सौ.ने हाक मारली. एका काळ्या कोकराने मान वर केली. तोंडात कडेच्या गवताची काडी होती. काडी संपेपर्यंत ते थांबले आणि मग पुढच्याच्या शेपटीमागे पळाले.

घरी आल्यावर सौ.ने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. भरलेली, अजून कोमट. मी काही बोललो नाही. तिने त्या दुधाचा दोघांना चहा केला.