सरासरीतला पाऊस

जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबायचे, तर आमचा सातारा चांगल्या पावसाचा जिल्हा आहे. माण तालुक्याला मात्र हे अजून कुणी कळवलेले दिसत नाही.

पश्चिमेला महाबळेश्वर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर, पण तेवढ्यातच तो निम्म्याखाली येतो. पुढे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आटत आटत आमच्या माणदेशी पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास उरतो, आणि तोही लहरी! या सगळ्याची बेरीज करून भागाकार केला की जो आकडा येतो, तेवढा पाऊस ना महाबळेश्वरात पडतो, ना दहिवडीत. सरांनी वर्गात 'नकाशाचे प्रमाण' शिकवले, तेव्हा मला आठवला तो हा भागाकार.

ही करामत पावसापुरतीच नाही. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, हे आपण शाळेपासून घोकले. अलीकडे मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर तो पुन्हा मोजला, तर ११,०९८ भरला. समुद्र तोच, खाड्यांची वळणे तेवढी हिशेबात आली.

किनारा वाढला म्हणून कुणाची चूल विझत नाही. दुष्काळाचे तसे नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. नोव्हेंबरात तालुक्याऐवजी महसूल मंडळ हे एकक धरले, तेव्हा इतर तालुक्यांतली हजारावर मंडळे यादीत आली. मधल्या दिवसांत आभाळ काही बदलले नव्हते. या यादीवर जमीन महसुलातली सूट अवलंबून, आणि आम्हा विद्यार्थ्यांची परीक्षा-शुल्काची माफीसुद्धा.

मग एकक जितके लहान तितके खरे, असे म्हणावे काय? तेही मला पटत नाही. पर्जन्यछाया आमच्या बांधावर उभे राहून दिसत नाही. तिला सबंध जिल्ह्याचा नकाशाच पुढ्यात हवा. आणि मंडळ तरी कुठे एवढेसे आहे? त्यात गावे अनेक, पाऊस मोजायचे यंत्र बहुधा एक. सर येते ती ओढ्याच्या अलीकडे, पलीकडे नुसती धूळ उडते. यंत्र अलीकडे असले, की पलीकडच्या बाजरीलाही कागदावर पाणी मिळते.

आमचे रान पलीकडे आहे.