मेन पाटा

गाडीत टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावहून कल्याणला निघालो होतो. माळशेज घाट उतरलो आणि टोकावड्याच्या अलीकडे खड्ड्यात डाव्या मागच्या चाकाकडून कडाड् आवाज आला. बॅटरी घेऊन खाली वाकलो. पाट्यांच्या स्प्रिंगमधला मेन पाटा तुटला होता, पण एक्सल जागचा हललेला नव्हता. सावकाश चालवत पहाटे मार्केट गाठलं, माल उतरवला आणि मगच मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने यू-बोल्ट सोडून पाटे जमिनीवर मांडले. दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेलं होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "दादा, यानेच धरून ठेवलं बघा." त्या दिवशी पाट्यांचं काम मला खरं कळलं. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. एक्सल इकडेतिकडे सरकू नये म्हणून वेगळे आर्म आणि रॉड लावावे लागतात. पाटा वजनही पेलतो आणि एक्सलही धरतो. भार चासीवर पुढे आणि मागे अशा दोन जागी वाटला जातो. खालचे जाड हेल्पर पाटे रिकाम्या गाडीत नुसते असतात. माल चढून कमान दबली की ते टेकतात आणि ओझ्याला खांदा देतात.

मामांच्या स्कॉर्पिओला मागे कॉइल आहेत. त्याच घाटात तिच्यात पोटातलं पाणी हलत नाही. पाट्यावर पाटा घासण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे बारीक खड्डा ती गिळून टाकते. पण मागे डीएपी खताची पोती टाकली की ती लगेच बसते आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातात. माणसं न्यायला ती उत्तम, मालाला नाही. अमेरिकेत 2009च्या डॉज रॅम 1500ने मागे कॉइल घातल्या. तिथे पिकअप घरची गाडी म्हणूनही फिरते, म्हणून ते पटतं. आपल्याकडे विकली जाणारी हायलक्स मात्र पुढे कॉइल आणि मागे पाटेच ठेवून आहे.

द्राक्षांच्या हंगामात मात्र हेच पाटे मला जड जातात. पेट्या हलक्या, गाडी अर्धीच भरलेली. मागचा भाग उसळतो आणि घडांचे मणी सुटतात. वर्षभर जपलेला माल असा डोळ्यांदेखत खराब होताना जीव तुटतो.

ओझं वाढवायला काही जण जादा पाटा घालून घेतात, ते मला अजिबात मान्य नाही. चासी, ब्रेक, टायर तेच राहतात आणि त्या गाडीसमोर घाटात दुसऱ्याची लेकरंबाळं असतात. आमच्या मिस्त्रीने असं काम करणं केव्हाच बंद केलंय.

पुढची गाडी मी मागे पाट्यांचीच घेईन. फक्त पॅराबोलिक पाटे मिळतात का ते बघणार आहे: मध्ये जाड, टोकांकडे पातळ होत गेलेले, संख्येने कमी. ते एकमेकांवर कमी घासतात, म्हणून अर्ध्या मालातही चाल मऊ राहते, आणि द्राक्षांना मला तेवढंच हवंय.