तो लेख मी मागे घेतो

२००४ साली एका दिवाळी अंकात मी ‘हवेतलं खत’ नावाचा लेख लिहिला होता. कार्बन डायऑक्साइड हे झाडाचं अन्न, ते हवेत वाढतंय, तेव्हा जंगलं जोमाने वाढतील आणि आपण सोडलेला धूर लाकडात आणि मातीत साठवून ठेवतील, असं त्यात म्हटलं होतं. लेख पुष्कळांना आवडला. पुढे दहा वर्षं मी जीवशास्त्राच्या वर्गात तेच शिकवलं. आज मला ते मत मान्य नाही, आणि नेमका कुठे चुकलो ते लिहून ठेवणं मी माझं देणं समजतो.

हे मत मी पुस्तकातून घेतलं नव्हतं. आमचा ऊस कृष्णाकाठचा. युरिया दिला की पंधरवड्यात पाला काळाभोर होतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. द्याल ते पीक घेतं, ही खात्री तिथे पक्की झाली होती. जंगल म्हणजे एक मोठं शेत, असं मी धरून चाललो.

२०१४ साली जुन्या लेखांची पुस्तिका काढायचं ठरलं, म्हणून आकडे तपासायला बसलो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये ड्यूक विद्यापीठाचं जंगल आहे. तिथे १९८३ साली लावलेल्या लॉबलॉली पाइनच्या रानात ३० मीटर व्यासाची वर्तुळं आखली होती, भोवती मनोरे उभारले होते आणि आतल्या झाडांना उघड्यावरच, नेहमीच्या हवेपेक्षा दशलक्षात २०० भाग जास्त कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं दिला होता. म्हणजे माझ्या लेखाचीच परीक्षा. सर्वांत आधी उभारलेल्या वर्तुळात पहिली तीन वर्षं झाडं खरोखर भराभर वाढली. मग ती जादा वाढ जवळपास ओसरली. नत्राचं खत घातलं तेव्हा ती परत आली. हे २००१ साली छापून आलं होतं, माझ्या लेखाच्या तीन वर्षं आधी.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की लीबिगचा नियम मी दरवर्षी शिकवत होतो. जो घटक सर्वांत कमी, तोच वाढीची मर्यादा ठरवतो. हवेतला कर्ब ओढणारं रुबिस्को हे विकर प्रथिन आहे, आणि नत्राशिवाय प्रथिन बनत नाही, हेही शिकवत होतो. ही दोन प्रकरणं मी कधी जोडून पाहिली नाहीत.

तरी मन लगेच वळलं नाही. एका रानावरून काय ठरवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. मग टेनेसीतल्या ओक रिजचे आकडे पाहिले. तिथल्या स्वीटगमच्या झाडांची जादा वाढ सुरुवातीला २४ टक्के होती, ती २००८ पर्यंत ९ टक्क्यांवर आली. पुढे २०२० साली सिडनीजवळच्या जुन्या निलगिरीच्या रानाचा हिशेब आला. तिथली माती स्फुरदाला गरीब. झाडांनी १२ टक्के जास्त कर्ब ओढला, पण साठा वाढला नाही, त्यातला बराचसा मातीच्या श्वासावाटे पुन्हा हवेत गेला.

मातीबद्दलची माझी चूक याहून मोठी होती. ड्यूकच्या मुख्य वर्तुळांत झाडं पुढेही जास्त वाढत राहिली, हे सांगायलाच हवं. पण कशावर वाढली? मुळांनी जास्त साखर मातीत सोडली, तिच्यावर सूक्ष्मजीव पोसले आणि त्यांनी जुना कुजका साठा फोडून नत्र मोकळं केलं. झाडाखाली पाचोळाही जास्त पडला, पण तो लवकर कुजून गेला. खोलवरच्या मातीत कर्ब साठेल असं मी लिहिलं होतं, तो तिथे साठला नाही. जोमाने वाढली ती पॉयझन आयव्ही नावाची वेल. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली, अंगावर फोड आणणारी. जादा कार्बन डायऑक्साइडमध्ये तिचं विष जास्त जहाल झालं.

इथे मी दुसरा आसरा शोधला, तोही कबूल करतो. नत्र कमी पडतं ना? मग वाहनांच्या धुरातून आणि गोठ्यांच्या अमोनियातून ते पावसाबरोबर जंगलात पडतंयच की. एक प्रदूषण दुसऱ्याची उणीव भरून काढेल! काही महिने मला हे फार पटलं होतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टने तो आसरा काढून घेतला. तिथे १९८८ पासून जंगलाच्या तुकड्यांवर अमोनियम नायट्रेट टाकत आहेत, सर्वांत जास्त मात्रा वर्षाला हेक्टरी १५० किलो नत्राची. आपल्याकडे आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलोची शिफारस आहे, म्हणून आकडा वाचून मला आधी काहीच वाटलं नाही. पानझडी झाडं त्यावर वाढलीही. पण रेड पाइनची वाढ खुंटली आणि झाडं मरू लागली. ऊस कापून नेतो तेव्हा त्याच्याबरोबर बरंचसं नत्र शेताबाहेर जातं. जंगलातून कोणी काही नेत नाही. नको असलेल्या नत्राचं नायट्रेट होतं, माती आंबट होते, आणि पाण्याबरोबर झिरपून जाताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन जातं. मागे सुटं झालेलं ॲल्युमिनियम मुळांना इजा करतं. त्या तुकड्यांच्या मातीत कर्ब साठला हे खरं, पण पाचोळा कुजवणारी बुरशी मंदावली म्हणून. माती आजारी पडल्यामुळे झालेल्या साठ्याला मी फायदा म्हणणार नाही.

नेदरलँड्समधल्या पाखरांची हकिकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्लवर्षावाने तिथल्या वालुकामय जंगलांची माती आंबट झाली, कॅल्शियम गेलं, त्यामुळे शंखाच्या गोगलगायी कमी झाल्या. ग्रेट टिट नावाची चिमणीएवढी पाखरं अंड्याच्या कवचासाठी हेच शंख खातात. ते मिळेनात, तेव्हा त्यांची अंडी पातळ, सच्छिद्र कवचाची निघू लागली. धूर आणि गोठे कुठे, आणि घरट्यातलं अंडं कुठे! मधली सगळी साखळी मातीतून जात होती, आणि माझ्या अख्ख्या लेखात माती फक्त एकदा, कर्ब साठवायची कोठी म्हणून आली होती.

जंगलं आपला कार्बन डायऑक्साइड शोषतात, आजही शोषत आहेत. त्याबद्दल माझी शंका नाही. पण आपण सोडू तितकं ती घेत राहतील, हा भरवसा मी शेकडो मुलांना दिला, तो देण्याचा मला अधिकार नव्हता. पुस्तिकेतून तो लेख मी काढला. अंक मात्र अजून काही घरांत असेल. ज्यांच्याकडे असेल त्यांना विनंती आहे: त्या लेखाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा की लेखकाने हे मत सोडलं आहे. आणि माझ्या वर्गात बसलेल्यांपैकी कोणी आज शिक्षक असेल, तर त्याने प्रकाशसंश्लेषणाचा धडा मातीचा धडा जोडल्याशिवाय संपवू नये.